खोडव्यासाठी ठेवलेली भाषा
साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की मळीचा आंबूस-गोड वास देवळाली प्रवरेवर पसरतो, आणि मला आमच्या मुलींच्या शाळेतली संगणकाची खोली आठवते. त्या दुपारी जवळच्या शेतात उसाचं पाचट पेटवलं होतं आणि त्याची काळी पिसं खिडकीतून तरंगत येऊन कीबोर्डवर अलगद बसत होती. जुन्या संगणकांवर नवी लिनक्स सिस्टीम टाकायला आलेले दादा आमच्या बाईंना म्हणाले, "बाई, डिस्क लई बारकी हाय. पोरींना टायपिंग आन् चित्रं पुरं. ह्या प्रोग्रामिंगच्या भाषा काढून टाकतो." बाई खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "ऊस तोडताना बुडखा उपटता का तुम्ही? मग पुढच्या वर्षीचा खोडवा कशातून फुटायचा? बाकीच्या काढा, पायथन राहू द्या. लिहिलं की लगेच उत्तर देते ती. आणि इथं नेट नाही, नंतर मागायची कुणाकडं?" दादा हसले, पण ती राहिली. मग बाईंनी मला दोन ओळी लिहायला लावल्या आणि काळ्या पडद्यावर फुल्यांच्या चांदण्या उमटत गेल्या, सरीतल्या उसासारख्या, ओळीनं. बाहेर काजळी पडत होती, आत चांदणं. आता पुण्यातल्या ऑफिसात नव्या सिस्टीममध्ये कोणत्या भाषा आधीपासून ठेवायच्या, हे मी ठरवते. जागा वाचवा, असं सगळे सांगतात. मी बुडखा ठेवते.