भावजींच्या डोक्यातलं कुलूप

"विलायती मोटार आली, विलायती शीतपेय आलं, टीव्हीवर दिवसभर बडबडणारे गोरे आले, आणि एक एवढीशी गोळी यायला काय धाड भरलीय?" भावजी ओरडत होते. समोर औषधांच्या दुकानाचा मालक हात जोडून उभा. ती गोळी अजून जगात कुठेच विकायला नाही, हे त्याने तीनदा सांगून पाहिलं होतं. शेवटी तो म्हणाला, "सार, पुढच्या आठवड्यात बघू." भावजींनी तंबाखूची पिचकारी गटारात सोडली आणि जिंकल्यासारखे मोपेडवर बसले. न निघालेल्या औषधाची वाट पाहावी तर आमच्या भावजींनीच. अख्ख्या कावेरीकाठी असा माणूस झाला नाही. तंजावरात नाही म्हटलं की ते तिरुवैयारूला जात, तिथून पापनाशमला. परदेशातून निघालेली गोळी मद्रास चुकवून थेट पापनाशमच्या बस स्टँडवर उतरेल, अशी त्यांना दाट शंका होती.

भावजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तंजावरातले मराठी. आमची मराठी ऐकून पुण्याचे पाहुणे एकमेकांकडे बघतात. भावजी मराठीत सुरुवात करायचे, चिडले की तमिळमध्ये शिरायचे आणि विषय मेंदूवर आला की इंग्रजीत. एका कॉलेजात औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं त्यांनी उंदीर सांभाळले होते. निम्मे प्राध्यापक आपल्या उंदरांचं मत घेऊनच वर्गात जात, असं ते शपथेवर सांगत. निवृत्त झाल्यावर उंदीर सुटले, पण परदेशी मासिकं वाचायची खोड सुटली नाही. आणि तंबाखू तर नाहीच नाही.

एका मासिकात त्यांना ते कुलूप सापडलं. माणसाच्या मेंदूत गांजासाठी जन्मजात कुलपं असतात. गांजाला जन्मात हात न लावणाऱ्याच्याही! का? तर मेंदू आपली स्वतःची किल्ली घरीच घडवतो. गोऱ्यांनी त्या किल्लीला नाव ठेवलं ते चक्क आपल्या 'आनंद' शब्दावरून. त्या दिवशी भावजींनी गल्लीत साखर वाटली. जणू बारसं त्यांनीच केलं होतं. पुढची गंमत अशी की दारू, तंबाखू यांची दारं जरी निराळी असली, तरी 'आणखी हवं, आणखी हवं' या हट्टात या कुलपाचाही हात असतो. त्यात एक बनावट किल्ली अडकवून ठेवली की हट्ट संपला! तंबाखू चघळली काय आणि पेंढा चघळला काय! अशी बनावट किल्ली प्रयोगशाळेत तयार झाल्याचंही त्यांनी वाचलं होतं. तीच ही गोळी. ओट्यावर बसून पितळी कुलूप हातात घेऊन ते हे सगळं भाजीवालीला समजावत होते. ती ऐकून म्हणाली, "सामी, माझ्या नवऱ्याच्या डोक्याला कुलूप कुठलं? दारच नाही."

"तोवर तुम्ही आपले आपण कमी करा की," अक्का म्हणायची. भावजी हादरायचे. कमी? प्रयोगाच्या आधी? मग औषधाचा गुण कळायचा कसा? शास्त्रासाठी त्यांनी एकही विडा चुकवला नाही. एकादशीला पाणीसुद्धा घेत नसत, पण तंबाखू मात्र शास्त्राच्या खात्यावर.

एकदा मी सहज विचारलं, "भावजी, खरंच आली तर घ्याल?" रेडिओवर कुणीतरी तोडी आळवत होतं. भावजींची मान डोलायची थांबली. "कुलूप एकच आहे रे," ते हळू म्हणाले. "तंबाखूसाठी ते बंद केलं आणि सकाळच्या फिल्टर कापीची चव गेली तर? ही तोडी ऐकून अंगावर काटा येईनासा झाला तर? मग नुसतं जगायचं?" त्यांना इतक्या हळू बोलता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मग भाची पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. आल्या आल्या तिने सांगून टाकलं, "अप्पा, ह्या तोंडाने माझ्या बाळाजवळ यायचं नाही." मुलगी झाली. अक्का खोलीच्या दारात कस्टमच्या अधिकाऱ्यासारखी उभी. आजोबांनी नातीचं पहिलं दर्शन घेतलं ते अंगणातून, खिडकीच्या गजांना नाक लावून. त्या दिवशी ते मोपेडवरून तिन्ही गावं फिरून आले. ओरडले मात्र कुठेच नाहीत म्हणे.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तंबाखू सोडली. ते आठ दिवस आमची गल्ली विसरणार नाही. भावजी कावळ्यांशी भांडले, पोस्टमनला पत्रासकट परत पाठवलं, लवंगा चघळून जिभेची साल काढली आणि रेडिओवर भाताचे बाजारभाव ऐकून रडले. रात्रंदिवस "प्रयोग बिघडला, प्रयोग बिघडला," एवढंच चालू होतं.

आज भावजी नाहीत. औषधांच्या दुकानावरून जाताना अजून मी उगाच थबकतो. पण ते आठवतात ते नवव्या सकाळचे. न्हाऊन, धूतवस्त्र नेसून दारात उभे. अक्काने त्यांचं तोंड उघडायला लावून वास घेतला, पुन्हा घेतला, आणि त्यांना खाली बसवून नात त्यांच्या मांडीवर ठेवली. पोरीने त्यांचं बोट धरलं, जांभई दिली आणि झोपली.

ते हललेसुद्धा नाहीत. मी वाट पाहिली. आता कुलूप, किल्ली, मेंदू, इंग्रजी, सगळं येणार! काहीच येईना, तेव्हा मीच वाकून विचारलं, "भावजी, डोक्यात आत काय होतंय?"

नातीवरची नजर न काढता ते म्हणाले, "जड आहे."