स्टँड तर वरच होतं

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. नव्हता, आणि हे लिहून झाल्यावरही नसेल. तरी लिहितेय, कारण महिना झाला, मी या प्रकाराचं कारण शोधतेय आणि ते काही हाती लागत नाही...

आम्ही परभणीचे. वडील छापखान्यात कामाला होते. माझ्या शाळेच्या वह्यांना कव्हरं असायची ती उरलेल्या पत्रकांची. ‘अंगात येणं म्हणजे काय?’ हे गणिताच्या वहीवर, ‘भोंदू बाबाला हे पाच प्रश्न विचारा’ हे भूगोलाच्या. तेच वाचत मोठी झाले आणि आता स्वतः पत्रकं लिहिते. अलीकडचं पत्रक दुचाकीवाल्यांसाठी आहे. आपल्याकडे चौकाचौकात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चे बॅनर लागतात ना, त्यातल्या पोरांची वयं वाचा एकदा. किती जण गाडीवर गेलेत ते गल्लीत विचारा. आणि आपण म्हणतो – नशिबात होतं! नशीब कसलं? डोक्यावर हेल्मेट नव्हतं, ट्रॉलीला मागं लाल दिवा नव्हता, हे नशीब झालं का?

तर, जानेवारीतली गोष्ट. चारठाण्याला मावशीच्या नातीचं बारसं होतं. मी आणि आई स्कूटरवर निघालो. सकाळचे साडेनऊ, लख्ख ऊन. आई मागं एका अंगानं बसलेली. पदर मी स्वतः नीट खोचून दिला होता. हेल्मेटही घातलं, पण पट्टा लावू देईना.

“गळा आवळल्यावानी होतंय. आन् झरीत आपल्या सोयऱ्यांनी बघितलं तर काय म्हणतील, तोंड लपवून चाललीय म्हणून!”

गावातून जाताना ओळखीच्या माणसाला तोंड दिसलं पाहिजे, हा आमच्याकडचा दंडकच आहे. राम राम चुकला तर वर्षभर टोमणे. त्यापायी कितीतरी माणसं गाव आलं की हेल्मेट काढून हँडलला अडकवतात. मी वाद घातला नाही. उशीर होत होता. पण त्या सुट्या पट्ट्याची टोचणी मनात राहिली.

झरी आली. रस्त्याकडेच्या हॉटेलातून चहावाला ओरडला, “ओ ताई! स्टँड! स्टँड!”

ही आपल्या रस्त्यांवरची फार चांगली रीत आहे. कुणाचं साइड स्टँड खाली राहिलं की अनोळखी माणूससुद्धा जीव तोडून सांगतो. आपण काय करतो? गाडी न थांबवता टाच मागं नेऊन स्टँड चाचपतो. मीही तेच केलं. टाचेला लागलं – स्टँड वरच होतं.

बोरीच्या अलीकडे कापूस वेचणाऱ्या बाया बांधावर बसल्या होत्या. त्यातली एक उठून उभी राहिली, हात हलवायला लागली. “अगं बाई, ष्टँड काढ की!”

पुन्हा टाच. पुन्हा स्टँड वर. या वेळी मी मान वाकवून खालीही बघितलं, तेवढ्यात गाडी रस्त्याच्या कडेला घसरायला आली. आईनं माझा खांदा धरला.

“बघ जरा पुढं! मारतीस काय मला?”

बोरी मागं पडली आणि पुढं उसाचा ट्रॅक्टर लागला. दोन ट्रॉल्या, दोन्ही गच्च भरलेल्या, ऊस दोन्हीकडून बाहेर आलेला. बराच वेळ मागं मागं चालले. मग समोर रस्ता मोकळा दिसला. हॉर्न दिला, उजवीकडं गाडी काढली.

उजव्या कडेला एक म्हातारी शेळ्या घेऊन उभी होती. तिनं काठी उगारली आणि आमच्या चाकाकडं रोखून ओरडली, “ष्टँड! ए पोरी, ष्टँड!”

मी पुन्हा टाच मागं नेली. आणि आई कडाडली. “तुझ्याच कागदावर लिवलंयस ना, चालत्या गाडीवर ष्टँड बघू नगा, थांबा म्हणून? लोकान्ला वाटतीस आन् सोता काय करायलीस?”

खरं होतं. पत्रकातली सातवी ओळ! चिडून मी ब्रेक लावला, पुन्हा ट्रॅक्टरच्या मागं आले आणि गाडी डाव्या कडेला थांबवली. गाडीवरूनच झटकन वाकून बघितलं. स्टँड वर. स्प्रिंग घट्ट. राग कुठंतरी काढायचा म्हणून आईच्या हेल्मेटचा पट्टा खाटकन लावला. “आता हे काढलंस तर बारशाला चालत जा!”

आई काही बोलणार, तोच पुढून मोठा आवाज आला.

मागची ट्रॉली सुटली होती. नाल्याजवळच्या उतारावर ती उजवीकडं कलंडली आणि सगळा ऊस त्या बाजूच्या रस्त्यावर पसरला. आम्ही पुढं काढत होतो, ती बाजू. न थांबता गेलो असतो, तर त्या क्षणी आम्ही ट्रॉलीच्या बगलेला असतो.

कुणालाही लागलं नाही. ड्रायव्हर खाली उतरला. ट्रॉली जोडायची पिन तुटली म्हणाला. पिन कसली, वाकवलेली सळई घातली होती! आई माझा हात सोडत नव्हती. मी रडत होते का हसत होते, मला आठवत नाही.

म्हातारी शेळ्या हाकत आली. मी एवढंच विचारलं, “आजी, काय दिसलं तुम्हाला?”

“ष्टँड घासायलं होतं की, माय. ठिणग्या उडायल्या होत्या.”

दुसऱ्या दिवशी परतताना त्या कापूस वेचणाऱ्या बाईला आणि चहावाल्याला गाठलं. ठिणग्यांचं नाव मी काढलं नाही, नुसतं ‘काय दिसलं’ म्हणून विचारलं. ती म्हणाली, “इस्तू उडायला होता.” चहावाला म्हणाला, “ताई, ठिणग्या! आमी सगळ्यांनी बघितलं.” तिघं एकमेकांना ओळखत नाहीत. गाडी मेकॅनिककडं नेली. त्यानं स्टँडचं टोक बोटानं पुसून दाखवलं. “घासलं असतं तर रंग गेला असता. हे तर नव्यासारखं हाय.”

ऊन चमकलं म्हणावं, तर जाताना ऊन एका बाजूला होतं आणि स्टँड दुसऱ्या. पदर म्हणावा, तर तो खोचलेला. तिघांना एकच भास? मला माहीत नाही.

आई म्हणते, देवानं हाक मारली. नारळ फोड. मी फोडला नाही. त्याऐवजी सळईच्या पिनांवर नवं पत्रक काढलंय, आणि त्या ड्रायव्हरच्या मालकाला पहिली प्रत नेऊन दिली. कारण आम्ही मेलो असतो, तर त्याचं कारण अगदी साधं होतं, हातात धरून दाखवण्यासारखं. वाचलो कशामुळं, ते मात्र मला सांगता येत नाही.

“लिवून झालं का न्हाई?” आई आतून विचारतेय. “भाकरी गार व्हायलीय.”

उठते. कारण सापडलं नाही अजून. पण आई भाकरी खायला हाक मारतेय.