लोणसाळीचा अर्धा दाणा

दुपारची जेवणं उरकलीत. पाठ भिंतीला, सूप मांडीवर, डोळ्यांवर झापड. मी झोपत नाहीये, हे आधीच सांगते. या घरात माझ्याशिवाय जागं राहणारं आहे कोण?

सुपात बियाण्याच्या लोंब्या आहेत. काही लोणसाळीच्या, म्हणजे आमच्या चिकट भाताच्या. काही साध्या मोकळ्या भाताच्या. दिसायला सख्ख्या बहिणी. दरवर्षी चुलीवरच्या आढ्याला दोन वेगळ्या जुड्या टांगते. यंदा मीच दोन्ही एका दोरीत बांधल्या. बोलले नाही कुणाला. शिजवून बघावं तर बी मरतं. उद्या नात स्नेहल शेतकी कॉलेजातून बी न्यायला येणार, आणि साऱ्या गावात लोणसाळ आता आमच्याकडेच उरलीय.

"सरक जरा," आत्याबाई म्हणतात. माझ्या सासूबाई. जाऊन बावीस वर्षं झाली, पण लुगड्याचा काठ ओला, आत्ताच खाचरातून आल्यासारखा.

"चिखलाचे पाय घेऊन घरात?"

"घर कुठाय गं, शेवंते?"

खरंच नाही. गुडघाभर पाणी आहे, हिरवी रोपं आहेत, आणि माझं सूप होडीसारखं डुलत चाललंय.

"तुमची पणती म्हणते, दाण्यातली कांजी घडवणारं एक एन्झाइम असतं. लोणसाळीत ते बिघडलंय, म्हणून ती चिकटते. माझ्या भातात बिघाड! फोनच ठेवला मी."

आत्याबाई खो खो हसतात. "मी ही वेगळी लोंबी निवडली, तेव्हा माझी सासूही हेच म्हणाली. मग तीनदा वाढून घेतलं बयेनं."

पाणी पांढऱ्या फरशीवर थांबतं. भोवती काचेच्या बाटल्या, स्नेहलच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत असाव्यात तशा. मधल्या टेबलावर आत्याबाई ऐसपैस मांडी घालून बसल्यात.

"खरं सांग. जुड्या कुणी मिसळल्या?"

"वाऱ्यानं."

"वारा गाठी मारतो?"

"मी मिसळल्या," मी म्हणते. जन्मात पहिल्यांदाच यांच्यापुढे हरतेय, आणि मेलं हसूच येतंय.

"मग तोंड कशाला पाडतेस? प्रत्येक लोंबीचा एकच दाणा घे. तूस काढ, दातानं तोड. आत काचेसारखा दिसला तर मोकळा भात. दुधासारखा पांढरा दिसला तर आपली लोणसाळ." त्या एक दाणा कटकन तोडतात. अर्धा माझ्या तळहातावर ठेवतात. "आणि पोरीला सांग, बिघाड नीट जपायचा."

सूप घसरतं. मी जागीच होते म्हणा.

तळहातावर अर्धा दाणा आहे. दुधासारखा पांढरा, सरळ तुटलेला. माझे पुढचे दात जाऊन सहा वर्षं झाली. आत्याबाईंचे शेवटपर्यंत बत्तीसच्या बत्तीस शाबूत होते.

मी स्नेहलला फोन लावते.

"बी मिसळलंय. मीच मिसळलं. हसू नको. उद्याची वाट बघू नकोस, संध्याकाळच्या एसटीनं ये. आणि दात घासून ये, काम आहे त्यांना."