स्वच्छ शेताचा पंचनामा

मोजणीबाईंना गल्लीनं हे नाव दिलं, त्यात गल्लीचा काही दोष नाही. बाई कृषी खात्यात पिकांची पाहणी करतात ते ठीक, पण घरी जिनाही पायऱ्या मोजत चढतात. सासूबाई तर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "लग्न होऊन आली तेव्हा हिनं आधी माझे दात मोजले." सासूबाईंच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यावं. उरलेलं निम्मं मात्र खरं असतं.

गारपीट झाली आणि बाई पाच दिवस बांधाबांधावर फिरल्या. एक तृतीयांशाहून जास्त पीक गेलं असेल तर सरकारी मदत, नाहीतर काही नाही. शुक्रवारी पाचला यादी बंद होणार होती आणि शुक्रवारी दुपारी एकच शेत उरलं होतं, टापटीप काकांचं. काका असे, की त्यांच्या गोठ्यात शिरताना गायसुद्धा पाय पुसत असावी.

बाई त्यांच्या टोमॅटोत पोचल्या आणि थबकल्या. मोडलेलं झाड नाही, पडलेलं पान नाही. माती दाताळ्यानं सारखी केलेली, उभी झाडं काठ्यांना ताठ बांधलेली.

"काका, नुकसान कुठंय?"

"काढून टाकलं की. तुम्ही पाहणीला येणार, तुम्हाला काय मोडकंतोडकं दाखवायचं?"

"मी म्हणत होते, राहू द्या," काकू मागून म्हणाल्या. "पण पाहुणा येणार म्हटलं की ह्यांना दम निघत नाही. गारा वितळल्या म्हणून, नाहीतर त्याही रचून ठेवल्या असत्या."

आपण काय करून बसलो ते काकांना आता कळलं. मदत हुकली तर पुढच्या हंगामाला रोपं आणायची सोय नव्हती. ते काठीची गाठ उगाचच पुन्हा बांधत राहिले.

बाईंनी साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "दिसतं ते लिहा. नुकसान शून्य. आणि पाचच्या आत या."

दुसरं कुणी असतं तर शून्य लिहून सावलीला गेलं असतं. बाईंनी फोन पर्समध्ये टाकला आणि साडी खोचली.

"काकू, ठिबक चालू करा."

नळ्यांतून थेंब पडू लागले. कोरड्या मातीवर ओले गोल उमटले. झाड असेल तिथे झाडाच्या बुडाशी, आणि जिथे झाड गेलं तिथे गोल एकटाच. बाई ओळीओळीतून मोजत निघाल्या. दोनशे सतराला काका म्हणाले, "ताई, चपला खराब होतायत." बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की काका थेट बांधावर जाऊन उभे राहिले. बाईंनी पहिल्यापासून मोजलं. गोल नऊशे, त्यातले एकटे तीनशे ऐंशी.

"पण तिथे रोपं लावलीच नव्हती, असं साहेब म्हणाले तर? उपटलेलं कुठे टाकलंत?"

गोठ्यामागे ढीग होता. ढीग कसला, दहा-दहा झाडांच्या पेंढ्या, काटकोनात रचलेल्या. नोकरीच्या बावीस वर्षांत बाईंना एवढा सोयीचा कचरा भेटला नव्हता. सदतीस पेंढ्या आणि वर आठ झाडं. प्रत्येक खोडाला गारेचा मार, एकाच बाजूला.

"दोन कमी भरतायत."

"वाऱ्यानं गेली असतील. तीनशे ऐंशीच लिहा."

"हातात आली तेवढीच लिहिणार," बाई म्हणाल्या आणि त्यांनी तीनशे अठ्ठ्याहत्तर लिहिले.

पावणेपाचला बाईंनी साहेबांच्या टेबलावर एक पेंढी ठेवली.

"हे काय आणलंत?"

"दहा झाडं. बाकीची तिथे आहेत. मोजायला येताय?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं, बाईंचे चिखलाचे पाय पाहिले. मग एका खोडावरून बोट फिरवलं, गारेच्या खाचेपाशी थांबले आणि कागद ओढून सही केली.

"लोकांना सांगत जा, पाहणीआधी आवरू नका म्हणून."

"सांगते. ह्या काकांना मात्र सांगून उपयोग नाही."

जिन्यातूनच बाईंनी काकांना फोन केला. "नाव गेलं यादीत." पलीकडे थोडी खुडबुड झाली आणि काकूंचा आवाज आला.

"ताई, हे तर फोन माझ्या हातात देऊन वाफ्यात बसलेत, धुतलेल्या धोतरानिशी चिखलात. बसू दे म्हटलं."