गिऱ्हाईक ट्रायल रूममध्येच मरतंय!

आमच्या ऑफिसात माणसं टिकली नाहीत, एसी टिकला नाही, नेट तर कधीच टिकलं नाही. टिकले ते किस्से. कुणी विचारावं, "काय रे, तुमच्या त्या गेमचं काय झालं?" आणि एक सांगायला घेतला की त्याचं शेपूट धरून दुसरा बाहेर यावा. ऐकणाऱ्यांचं हसून पोट दुखतं. आमचंही दुखतं, पण हसून नाही.

अंबरनाथ पश्चिमेला पिठाच्या गिरणीवर दोन खोल्या. तिथे आम्ही 'टेहळणी' नावाचा ऑनलाइन गोळीबाराचा गेम बनवत होतो. पाच जण इकडून, पाच जण तिकडून, सगळे आपापल्या घरून मोबाइलवर. कोड माझा, नकाशे सचिनचे. सचिनच्या नकाशात बोटांपेक्षा डोकं जास्त चालवावं लागायचं. पावलांचा आवाज ऐका, वळसा घाला, वाट बघा. त्याला एकच हवं होतं. अगदी नवखा माणूस यावा, खेळत खेळत मुरावा आणि एक दिवस डोकं लावून त्याने जिंकावं. एवढंच मागणं होतं बिचाऱ्याचं. पण मुरायला हल्ली लोणच्याला तरी वेळ देतात का लोक!

*

दर शुक्रवारी आमच्याकडे एक रिवाज होता. ज्याने आयुष्यात असला गेम खेळलेला नाही असा माणूस धरून आणायचा, हातात मोबाइल द्यायचा आणि आपण तोंडाला कुलूप लावून मागे उभं राहायचं. मदत करायची नाही, हसायचं नाही.

पहिल्या शुक्रवारी स्टँडवरचे एक शेअर रिक्षावाले काका आले. गेम सुरू झाला आणि काका गेले. पुन्हा सुरू झाला, पुन्हा गेले. डोळ्याची पापणी लवायच्या आत कुणीतरी त्यांना टिपायचं आणि मग ते बाकीच्यांचा खेळ बघत बसायचे. बराच वेळ शांतपणे बघितलं त्यांनी.

मग मान वळवून म्हणाले, "साहेब, ही जाहिरात संपली की सांगा. मग खेळतो!"

*

सचिनने मनावर घेतलं. नवख्यांसाठी शिकवणी बनवली. चालायचं कसं, लपायचं कसं, पाठीमागून कोण येतंय ते ओळखायचं कसं. महिनाभर दुसरं काही केलं नाही त्याने.

पुढच्या खेपेला बदलापूरच्या एका बँकेतल्या मॅडम आल्या. त्यांनी शिकवणीतला शब्द न् शब्द वाचला. सगळं बिनचूक केलं. सचिन मागे उभा राहून इतका खूश, की मला कोपराने ढोसत होता. शेवटी स्क्रीनवर आलं, 'आता तुम्ही तयार आहात.'

मॅडमनी मोबाइल खाली ठेवला. पर्स उचलली. "छान होता हो गेम. थोडा लांबला, पण छान!"

त्या दिवशी सचिनने डबा उघडलाच नाही.

*

आमचे सिंधी शेठ उल्हासनगर कॅम्प तीनचे. जीन्सचा कारखाना, त्याच पैशावर आमचा गेम. माणूस दिलदार, पण जगात जे काही आहे ते त्यांना जीन्सच्याच भाषेत कळायचं. लोक गेम डाउनलोड करतात आणि दुसऱ्या दिवशी उडवतात, हे ऐकून ते तडक वर आले.

"सचिन साईं, माल तेरा एक नंबर आहे. मी मानतो. पण गिऱ्हाईक ट्रायल रूममध्येच मरतंय ना!"

सचिन म्हणाला, "शेठ, थोडं शिकलं की मजा येते."

"पँट घालायला कोण शिकतं, बाबा? फ्री साइज बनव!"

*

मग फ्री साइज बनवायला घेतलं. गोळी थोडी चुकली तरी शत्रूकडे आपोआप वळायला लागली. नवे लोक खूश. जुने मात्र पेटले. त्यांच्यातले काही उल्हासनगरहून थेट ऑफिसात आले. सगळ्यात पुढे त्यांचा म्होरक्या. एका मॉलमध्ये सिक्युरिटीला होता.

"भाई, हम रात-दिन घिसके शिकलो आणि तुम्ही ते फुकट वाटताय? नवीन लोकांना एवढं डोक्यावर नका घेऊ!"

खरंच होतं त्याचं. आम्हाला खाली बघावं लागलं.

आठवड्याने मी सहज तपासलं. नवख्यांच्या गटात शिरून एकजण सगळ्यांना झोडपत होता. नवीन खातं, पण मोबाइल ओळखीचा. तोच म्होरक्या! मी फोन केला, चांगला झापला.

मग म्हणाला, "दिवसभर येणारे-जाणारे शिव्या देतात, दादा. कुठेतरी जिंकू दे ना."

मी त्याचं खातं बंद केलं. नियम म्हणजे नियम. चांगलं मात्र वाटलं नाही.

*

शेवटी शेठ सचिनच्या लाडक्या नकाशावर आले. मधला सरळ रस्ता ठेवायचा. नाल्याकडची वाट आणि गच्चीवरून जाणारी वाट बंद. "माणूस चुकला तर परत येत नाही, साईं!"

मी म्हटलं, "सचिन, तू घरी जा. मी करतो."

"नको," तो म्हणाला. "मीच बुजवतो. दुसऱ्याने बुजवलेल्या बघवणार नाहीत."

आणि संध्याकाळपर्यंत बसून त्याने आपल्याच हाताने दोन्ही वाटांवर भिंती उभ्या केल्या. वर भिंतींना रंगही चांगला दिला. मला रडू यायचं बाकी होतं, आणि शेठ म्हणतात, "बघ, किती साफ दिसतंय!"

*

आता हा शेवटचा.

एवढं सगळं करूनही दुपारचं खेळायला कुणी नसायचं. म्हणून शेठच्या हुकुमाने आम्ही बॉट घातले. म्हणजे माणसासारखे खेळणारे, पण माणूस नसलेले खेळाडू. नावं आपल्याकडचीच: रोशन, मंगेश, भावेश. मुद्दाम वाईट खेळणारे, नव्या माणसाने जिंकावं म्हणून. त्यांची बोलणीही मीच टाइप केली होती. समोरच्याचं नाव घेऊन नमस्कार करायचा, 'मस्त मारलंत!' म्हणायचं, मध्येच 'सॉरी, उशीर झाला' म्हणायचं. सचिनने त्या बॉटना हातही लावला नाही. "ही फसवणूक आहे," एवढंच म्हणाला.

एका दुपारी जिना चढून एक बाई आल्या. साठीच्या, हातात लाडवांचा डबा. बदलापूरच्या कात्रपहून आल्या होत्या. गेममध्ये त्यांचं नाव 'सुमन काकू'. ऑफिसचा पत्ता गेममधूनच मिळाला म्हणाल्या.

"मुलगी सासरी, हे गेलेले. दुपार खायला उठते हो. पण आता बरं चाललंय. आधी मी गप्प एका जागी बसते. चाहूल घेते. गोळ्या संपल्या की ते पळतात, मग मी उठते. एकही दिवस हरले नाही!"

सचिन खुर्चीतून उठून उभा राहिला. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली तो माणूस लाडवांचा डबा घेऊन समोर उभा होता. आणि जिंकत होता कुणाशी, ते त्या खोलीत आम्हा दोघांनाच ठाऊक.

"रविवारी घराची वास्तुशांत आहे," काकू म्हणाल्या. "त्या रोशनला बोलवायचंय. रोज न चुकता येतो माझ्याबरोबर खेळायला. नमस्कार केल्याशिवाय सुरुवात करत नाही. हल्ली कोण करतं हो एवढं? त्याचा नंबर असेल ना तुमच्याकडे?"

मी सचिनकडे बघितलं.

सचिन पुढे आला, वाकून काकूंच्या पाया पडला आणि डबा हातात घेतला.

"काकू, मीच रोशन."

काकूंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मग मेल्या, इतका वाईट का खेळतोस रे?"

"नवीन आहे, काकू," सचिन म्हणाला.