नागावच्या मोटारीची डावी बाजू

दामूअण्णा ठाकूर यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा ते मालमोटारीखाली उताणे होते आणि मी मालमोटारीवर उभा होतो. सत्तेचाळीस सालचा ऑगस्ट. शाळेची मुलं झेंडे घेऊन वर दाटीवाटीने उभी, आणि गाडी अलिबागच्या भर रस्त्यात बंद पडलेली. वेळ जावा म्हणून मी मुलांना कविता म्हणायला लावल्या. खालून आवाज आला, "मास्तर, गाऊ द्या पोरांना. फक्त पायाने ठेका धरू देऊ नका, सगळी धूळ माझ्या नाकावर येतेय." गाडी सुरू झाली. त्यांचा नवाकोरा पांढरा सदरा मात्र कायमचा कामातून गेला. मी हळहळलो, तर म्हणाले, "वरचे झेंडे स्वच्छ आहेत ना? मग झालं."

तेव्हापासून शाळा सुटली की त्यांच्या गॅरेजातल्या बाकावर जाऊन बसायचं, हा माझा नेम झाला. कवितेत रमणाऱ्या माणसाला तिथे करमतं कसं, असं मित्र विचारत. पण इंजिन ऐकताना अण्णा डोळे मिटून घेत, तेव्हा चालीवर म्हटलेला श्लोक ऐकण्यात रंगून गेलेला माणूसच मला तिथे दिसे.

आज अण्णांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या कसबाविषयी जाणकार लिहितीलच. मला एकच हकीकत सांगायची आहे.

नागावचे बागायतदार नानासाहेब यांच्या मातोश्रींचे गुडघे धरले आणि त्यांना मोटारीत पाय उचलून चढता येईना. अण्णांनी मागच्या चाकांवर गाडीचा भार पेलणाऱ्या दोन्ही कमानींमधला, म्हणजे स्प्रिंगांमधला, एकेक पोलादी पाटा काढून गाडी खाली बसवून दिली. आजी हौसेने देवळात, नातलगांकडे जाऊ लागल्या. वर्ष झालं नसेल, तोच नानासाहेब गाडी घेऊन तणतणत गॅरेजात आले. मागची डावी बाजू खडखडत होती, तिकडचं टायर एका कडेने खरवडून निघालं होतं. उजवी बाजू ठणठणीत. नानासाहेबांचा निवाडा आधीच झालेला. ड्रायव्हर गोमा आपल्या माघारी डाव्या अंगाला नारळाची पोती भरून भाडी मारतो, असं त्यांचं म्हणणं. सोमवारपासून दुसरा ड्रायव्हर यायचा होता. गोमा खाली मान घालून उभा. "माल न्हाय भरला मी," एवढंच म्हणाला.

अण्णा म्हणाले, "नानासाहेब, गाडी खाली बसवली मी. तेव्हा पहिला आरोपी मी. आधी माझं काम उघडू."

दोष परस्पर दुसऱ्याच्या गळ्यात पडत असताना एखाद्याने तो पडू दिला असता. अण्णांनी सगळ्यांसमोर दोन्ही कमानी उतरवल्या आणि जमिनीवर शेजारीशेजारी मांडल्या. पाटे होते तसे घट्ट. दोन्हींचा बाक सारखा. "एका अंगाने ओझं वाहिलं असतं, तर ही डावी सपाट झाली असती," ते म्हणाले. नानासाहेबांनी वाकून पाहिलं. झाली नव्हती.

मग अण्णांनी कमानींच्या टोकांचे, सांध्यात धक्के झेलणारे रबरी बुश काढले. उजवे कोरडे, टणक. डावे फुगून लिबलिबीत झालेले. त्यांनी एक हुंगला आणि माझ्या हातावर ठेवला. घाण्यावरच्या ताज्या खोबरेलाचा वास. हे काय, असं त्यांनी गोमाला विचारलं. गोमा गप्प. त्या गप्प बसण्याने नानासाहेबांचा संशय उलट वाढलाच.

अण्णांनी वाद घातला नाही. नवे बुश बसवले आणि संध्याकाळी गाडी पोचवायला आम्ही सगळेच नागावला गेलो. ओटीवर आजी झोपाळ्यावर बसल्या होत्या. अण्णांनी सहज विचारलं, "आजी, झोपाळा अगदी मुका आहे हो तुमचा. करकरला तर काय करता?"

"खोबरेल सोडते कडीत," आजी कौतुकाने म्हणाल्या. "मोटारीलाही तेच. माझ्या बाजूला कुरकुरायची मेली. दर शुक्रवारी वाटी देते गोमाकडे."

आजी नेहमी डावीकडे बसत. उजवीकडची कुरकुर त्यांच्या कानापर्यंत येत नसे, म्हणून ती बाजू वाचली होती. तेलाने रबर नासतं, मग सांधा खडखडतो आणि चाक तिरकं चालून टायर झिजतं, हे अण्णांनी त्यांना अगदी हळुवारपणे सांगितलं. आजी गोमाकडे वळल्या. "अरे, मग बोलला का नाहीस?"

"तुमचं नाव कसं घेऊ, आय?"

नानासाहेब गोमाजवळ गेले. मग म्हणाले, "गोमा, त्या दुसऱ्या माणसाला निरोप दे. सोमवारी येऊ नकोस म्हणावं."

अलिबागला परतताना अण्णा डोळे मिटून बसले होते. असा माणूस आपला स्नेही आहे, याचा अभिमान त्या दिवशी मनात ठाण मांडून बसला, तो आजतागायत.

आता अण्णांचेही गुडघे कुरकुरतात. दर दिवाळीला गोमा नागावहून खोबरेलाची बाटली आणून देतो आणि आजींचा निरोप सांगतो, "हे मोटारीला न्हाय, तुमच्या गुडघ्यांना." अण्णांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आम्हा सगळ्यांच्या मनातली प्रार्थना तेवढीच आहे: गोमाने बाटली आणत राहावं आणि ती घ्यायला अण्णांनी गॅरेजच्या दारात आपल्या पायांनी चालत यावं, अशा पुष्कळ पुष्कळ दिवाळ्या येवोत.