चेंबूर नाक्याची महाराणी

आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये एक ड्रॉवर आहे. पेशंट न्यायला विसरलेले रिपोर्ट आम्ही त्यात टाकतो. दर महिन्याला ठरवतो, आता आवरायचा, आणि दर महिन्याला तो आणखी थोडा फुगतो. आमच्या 'राज्या'चे किस्से असेच साठलेत. कोणी न्यायला येत नाही आणि फेकवतही नाहीत. आज बसलोच आहोत तर चार-पाच काढतो. फक्त एक आधीच सांगून ठेवतो यार, यातल्या बऱ्याच किस्स्यांत मी फारसा चांगला दिसत नाही.

'राज्य' म्हणजे ब्राउझरमध्ये खेळायचा एक गेम. जुन्या काळातलं जादूचं जग. किल्ले, मांत्रिक, बुटके, लांब कानांचे धनुर्धारी, राक्षसांच्या फौजा. पण चित्र एकही नाही! सगळं नुसतं लिहिलेलं. 'तुमच्या गडावर दोनशे धनुर्धारी आहेत.' 'उत्तरेकडून फौज येत आहे, पोचायला चाळीस मिनिटं.' आणि ती चाळीस मिनिटं आपल्या घड्याळातली, खरीखुरी.

आमच्या घाटकोपरच्या लॅबमध्ये हा गेम मी आणला. पुन्हा सांगतो, मी आणला!

*

चित्रं नसल्याचा मोठा फायदा होता. आमच्या डॉक्टर मॅडम मागून गेल्या तरी त्यांना स्क्रीनवर फक्त अक्षरं आणि आकडे दिसायचे.

एकदा मी एका शेजाऱ्याच्या गडाला वेढा घालून बसलो होतो. इतका गुंग, की मॅडम कधी मागे येऊन उभ्या राहिल्या ते कळलंच नाही. बराच वेळ बघून मॅडम सगळ्या स्टाफसमोर म्हणाल्या, "बघा, जरा सावंतांकडून शिका! एकेक ओळ वाचतात ते."

आमची टेक्निशियन सुजाता कांबळे तोंडात रुमाल कोंबून मशीनच्या मागे खाली बसली. मॅडम गेल्यावर म्हणाली, "कसला रिपोर्ट होता रे तो? मला पण दाखव ना."

मी दाखवला. माझी वाट लागली ती त्या दिवसापासून.

*

सुजाता चेंबूरची. एका वेळी वीस नळ्या हाताळते, एकीचंही लेबल चुकत नाही. तिला मी लंच टाइममध्ये डबा बाजूला ठेवून सगळं शिकवलं. आधी शेती, मग तट, मग फौज. सांगितलं, "धनुर्धारी घे, स्टाइल असते त्यांची." तिने बुटके घेतले.

"खाणीत राबतात, कमी खातात, उलट बोलत नाहीत," ती म्हणाली. "असा स्टाफ कुठे मिळतो?"

माझ्या राज्याचं नाव 'सिंहगर्जना'. तिने ठेवलं 'चेंबूर नाका'. मी पोट धरून हसलो.

दीड महिन्यात यादीत 'चेंबूर नाका' वर आणि 'सिंहगर्जना' खाली! मी म्हटलं, नवीन माणसाचं नशीब असतं. सहा महिन्यांत ती गेममधल्या आमच्या संघाची, म्हणजे मित्रराज्यांच्या गटाची, प्रमुख झाली. ज्या संघात मी तीन वर्षं घासत होतो, त्याच संघाची! मी "अभिनंदन" म्हटलं, आणि त्या दिवशी माझा डबा तसाच घरी गेला.

मग परदेशातल्या कुठल्यातरी राजाचं तिला पत्र आलं. सुजाताने ते आम्हाला मराठीत करून वाचून दाखवलं. 'चेंबूर नाक्याच्या महाराणींना मुजरा. आपल्या छत्राखाली आश्रय द्यावा, ही विनंती.'

मी म्हटलं, "वा!"

"थांब ना, खाली अजून आहे," ती म्हणाली. "'ताजा कलम. सिंहगर्जना नावाचा एक किरकोळ शेजारी मला फार त्रास देतो. त्याला आवरावे.'"

*

आमच्या रिसेप्शनवर नाईक काका बसायचे. भांडुपला राहणारे, मूळचे मालवणकडचे, रिटायरमेंटला काही महिने राहिलेले. सुजाताने त्यांनाही खेळात ओढलं. काकांचं राज्य चेंबूर नाक्याला लागूनच, छोटं पण टुमदार. भात पिकवायचे, भिंतींची डागडुजी करायचे, कोणाच्या वाटेला जायचे नाहीत.

आयुष्यात एकदाच त्यांनी हल्ला केला. आणि त्याच्या आदल्या दिवशी शत्रूला पत्र पाठवलं, 'उद्या दुपारी तीन वाजता येत आहे.'

मी कपाळाला हात लावला. "काका, असं कोणी सांगतं का?"

"अरे, कोणाच्या घराक जावचा तर कळवन जावक नको?"

शत्रूला वाटलं, हा नक्की डाव आहे, खरा हल्ला दुसरीकडे होणार. त्याने सगळी फौज दुसऱ्या गडावर हलवली. काका तीनच्या ठोक्याला पोचले, तर गडावर चिटपाखरू नाही! एकही माणूस न गमावता गड काकांचा.

मी तसाच एक गड जिंकायला चारशे धनुर्धारी घालवले होते. मी पण मग एकाला पत्र पाठवून बघितलं. तो संध्याकाळी दुप्पट फौज घेऊन माझी वाट बघत बसला होता.

*

घरी मी दिवसभराचं काय काय बोलतो, याचा मला अंदाज नव्हता. एकदा जेवताना माझी बायको रुपाली भाकरी ताटात आपटून म्हणाली, "आज सुजाताने काय केलं, ते नाही सांगितलंस?"

"म्हणजे?"

"काल सुजाताने घोडे पाठवले. परवा सुजाता चिडली. त्याच्या आधी सुजाताने तुला वाचवलं. कोण आहे ही बया?"

शनिवारी रुपाली लॅबमध्ये हजर! म्हणे, हिमोग्लोबिन तपासायचंय. रक्त सुजातानेच घेतलं. दोन मिनिटांचं काम, पण दोघी आत वीस मिनिटं. मी बाहेर घाम पुसतोय. रुपाली दंडावर कापूस दाबत हसत बाहेर आली.

"छान आहे रे ती! मी पण खेळणार आता."

मला एकदम बरं वाटलं. घरातलीच फौज! म्हटलं, "झकास. माझ्या गडाच्या बाजूला जागा घे."

"तुझ्या बाजूला कशाला? तिने तिच्या बाजूला दिलीये. तुझ्याकडे म्हणे रोज कोणीतरी येऊन लुटून जातं."

तोवर आमच्या घरात दोघंही जळत होतो. आता तिची जळजळ संपली आणि माझी वाढली.

*

मग मी घसरलो. खोट्या नावाने दुसरं राज्य काढलं. नाव, 'राजकन्या मीरेला'. सुजाताशी मैत्री करायची आणि ती एवढी पुढे कशी जाते, ते काढून घ्यायचं, असा प्लॅन.

मीरेलाने पत्र लिहिलं, 'ताई, तुमच्या यशाचं रहस्य काय?'

उत्तर आलं, 'सकाळी लवकर उठते.'

मीरेलाने पुन्हा लिहिलं, 'पण ताई, फौज इतकी कशी वाढते?'

'त्यांना पोटभर जेवायला घालते.'

दोन आठवडे असंच. मग एक दिवस लंचला सुजाताने भरताचा डबा माझ्याकडे सरकवला. "घे ना, मीरेला. तिखट झालंय का बघ."

मी हातातला घास खाली ठेवला. विचारलं, "कधी कळलं?"

"पहिल्याच आठवड्यात. राजकन्या लॅबच्या वेळेत जागी असते, आणि रविवारी तिला साप्ताहिक सुट्टी!"

*

आता शेवटचा. हा मी रुपालीलासुद्धा सांगितलेला नाही.

सुजाताच्या आईची बायपास ठरली. सुजाता चार दिवस रजेवर जाणार होती. जाताना तिने एका चिठ्ठीवर पासवर्ड लिहून माझ्या हातात दिला. "मिलिंद, माझं राज्य बघशील ना? हल्ला आला तर फक्त फौज परत बोलव आणि दरवाजे बंद कर. दुसरं काही करू नको."

"रुपालीला का नाही देत?"

"तू शिकवलंस ना मला."

ऑपरेशनच्या दिवशी दुपारी मी तिच्या नावाने आत गेलो. पहिलीच ओळ लाल. 'पूर्वेकडून राक्षसांची फौज येत आहे. पोचायला पन्नास मिनिटं.' तिची सगळी फौज खाणींवर पांगलेली. मला दोन बटणं दाबायची होती.

मी हात माउसवर ठेवला आणि बसून राहिलो.

वाटलं, नेट गेलं होतं असं सांगता येईल. वाटलं, पेशंटची गर्दी होती. पंचेचाळीस मिनिटं राहिली. मग चाळीस. आत कुठेतरी मला फार बरं वाटत होतं, आणि त्याचीच भीती पण वाटत होती.

मागून नाईक काकांचा आवाज आला. "सावंत, चाय घेतंस?"

ते कधीपासून उभे होते, माहीत नाही. स्क्रीन समोरच होती. मी उठलो. "आणतो काका, तुम्ही बसा," म्हणून खाली टपरीवर गेलो. खाली एक चहा प्यायलो, मग दुसरा. काकांचा चहा घेऊन वर आलो तेव्हा पाऊण तास झाला होता.

चेंबूर नाका उभा होता. एक दगडसुद्धा हलला नव्हता. खाली लिहिलं होतं, 'शेजारच्या राज्याची संपूर्ण फौज मदतीला आली. शत्रू मागे फिरला.' गेममध्ये अशी ओळ एक दिवस राहते, मग पुसली जाते.

शेजारचं राज्य काकांचं. संघातल्यांना एकमेकांची राज्यं दिसतात, म्हणून मी ते उघडून बघितलं. काकांच्या गडावर एकही माणूस शिल्लक नव्हता, आणि मागे फिरलेले राक्षस जाता जाता तिथे शिरले होते. कोठारं जळालेली. भात गेलेला. भिंती गेलेल्या. काका रिसेप्शनवर एका आजीबाईंना उपाशीपोटी कोणत्या टेस्टला यायचं ते समजावत होते. मी चहा त्यांच्यासमोर ठेवला. ते "ठेव" म्हणाले.

रजा संपवून सुजाता आली. आई ठीक होती. पेढ्यांचा बॉक्स घेऊन ती सरळ माझ्या टेबलावर आली.

"मिलिंद, थँक यू रे! तू होतास म्हणून वाचलं सगळं. आणि काका, तुमचं कसं काय जळालं हो? लक्ष नव्हतं वाटतं तुमचं?"

काकांनी चष्मा पुसला. "नाय गो. डोळो लागलो माझो."

सुजाताने पहिला पेढा मला दिला, मग बॉक्स काकांसमोर धरला. काकांनी तो हाताने हलकेच माझ्याकडे वळवला.

"माझो पण त्येकाच दी."